रझाकारीचं कारण

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला इतिहास शिकवला. वर्गात कुणी 'अमुक कारणामुळे तमुक घडलं' असं म्हटलं की ते खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "हे कारण आधी नव्हतं का रे?" एवढाच प्रश्न. आम्ही गप्प व्हायचो. आज त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्यासपीठावरून मी तोच प्रश्न आपल्याच भूमीच्या इतिहासाला विचारणार आहे. कुणाला तो टोचेल. मलाही तो बरीच वर्षं टोचत आला आहे.

माझी आजी उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातली. तिच्या तोंडी वर्षांचे आकडे नसायचे. कुणाचं लग्न 'रझाकारीच्या आधी' झालेलं, कुणाचा मुलगा 'पळापळीत' जन्मलेला, कुणाची जमीन 'ॲक्शननंतर' गेलेली. दुष्काळ आणि प्लेग यांच्या रांगेत तिने रझाकारीला बसवलं होतं. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा मात्र हा शब्द मला वेगळ्या अर्थाने ऐकू येऊ लागला. आजीच्या बोलण्यात तो काळाचं नाव होता. भाषणांत तो एका समाजाचं नाव झाला होता. आजही निवडणुकीच्या सभेत तो शब्द कसा फेकला जातो, ते आपण सगळे ऐकतो.

त्या फेकण्यामागे एक स्पष्टीकरण असतं. हैदराबाद संस्थानाचा राजा निजाम मुसलमान, अधिकारी बहुतेक मुसलमान, रझाकार म्हणवणारे सशस्त्र स्वयंसेवक मुसलमान आणि १०० पैकी सुमारे ८५ प्रजाजन हिंदू. मग जे घडलं ते धर्मामुळे घडलं, यात विचारायचं काय उरलं? हे स्पष्टीकरण मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी ते दिवस भोगले त्यांच्यापैकी अनेकांनी ते मनापासून मानलं, आणि त्यांच्याकडे तसं मानायला कारणं होती.

ती कारणं आधी सांगतो. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण नव्हतं. सभा घ्यायची, खाजगी शाळा काढायची, तरी सरकारची परवानगी. सभांवरच्या त्या फतव्याचं 'गश्ती निशान ५३' हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होतं. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलं 'वंदे मातरम्' म्हणाली म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यातली बरीच मुलं नागपूरला जाऊन शिकली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. आर्य समाजाला हवन करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. हे अपमान खरे होते, आणि ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांना ते आपल्या धर्मावरचे घाव वाटले, यात नवल नाही.

पण गुरुजींचा प्रश्न इथेच उभा राहतो. आसफजाही घराणं हैदराबादच्या गादीवर आलं १७२४ मध्ये आणि गेलं १९४८ मध्ये. म्हणजे २२४ वर्षं. राजाचा धर्म या सगळ्या काळात तोच होता. रझाकारांची गावागावांत घुसणारी हिंसा मात्र शेवटच्या दीड-दोन वर्षांतली, आणि तिचा भर १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांतला. जे कारण दोनशे वर्षं हजर होतं त्याच्याकडे बोट दाखवून तेरा महिन्यांचा हिशेब लागत नाही. मधल्या काळात अन्याय नव्हता असं मी म्हणत नाही. सरंजामी राज्यात असतो तो सगळा होता. पण त्याच राज्यात महाराजा किशनप्रसाद हे हिंदू गृहस्थ दोनदा राज्याच्या सर्वोच्च प्रशासकीय पदावर होते. शेवटच्या निजामाच्याच, मीर उस्मान अलीच्या काळात, पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांची जपणूक झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं अतिथिगृह निजामाचं नाव घेऊन उभं आहे. उस्मान अली उदार होता असं सिद्ध करायला मी हे सांगत नाही. राजा म्हणून त्याला अनेक गोष्टी शोभेसाठीही कराव्या लागत. सांगायचं एवढंच, की त्याच्या धर्मावरून त्याच्या कृतीचं भाकीत करता येत नव्हतं.

आता उलट बाजूने पाहा. जून १९४७ मध्ये हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या संस्थानांनी इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र होणार अशी घोषणा केली. एक हैदराबाद. दुसरं त्रावणकोर. त्रावणकोरचा राजा स्वतःला पद्मनाभस्वामीचा दास म्हणवून घेई. अख्खं राज्य पूर्वीच्या राजाने, मार्तंडवर्म्याने, देवाला अर्पण केलेलं. त्या राज्याच्या फौजेने ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा आणि वायलार इथे काथ्याचे कामगार, शेतमजूर, कोळी यांच्यावर गोळ्या चालवल्या. शेकडो माणसं मेली. दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांना शेवटपर्यंत स्वतंत्र त्रावणकोर हवं होतं. जुलै १९४७ मध्ये त्यांच्यावर कोयत्याचा वार झाला आणि मग काही दिवसांतच विलीनीकरण मान्य झालं. वायलारच्या गोळीबाराचं कारण त्या राजाच्या देवभक्तीत शोधणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. तिथे आपण सरळ म्हणतो की गादी वाचवायची होती, कम्युनिस्टांची भीती होती, जमीन आणि कारखाने होते. हैदराबादला तेच मोजमाप लावायला आपला हात का अडखळतो?

इथे माझे काही पुरोगामी मित्र खूश होतील आणि म्हणतील, चला, म्हणजे हा सगळा सरंजामशाहीचा मामला होता, धर्माचा संबंध नव्हता. त्यांनाही मी आज नाराज करणार आहे. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला ज्या माणसांना घरात आणि वाड्यात गाठून मारलं, त्यांना वेचताना धर्म पाहिला गेला. तो नाकारला तर आपण मेलेल्यांशी खोटं बोलू. तेव्हा धर्माने नेमकं कोणतं काम केलं, हे नीट बघावं लागेल.

त्यासाठी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना समजून घ्यायला हवी, कारण रझाकार हे तिचेच स्वयंसेवक. ती १९२७ ची. तिला खरी ताकद दिली बहादूर यार जंग यांनी. वक्तृत्वात त्यांचा हात धरणारा संस्थानात कुणी नव्हता. त्यांच्या काळात या संघटनेने 'अनल मालिक' हा सिद्धांत रुजवला. त्याचा अर्थ 'मी मालक आहे'. हैदराबादचं सार्वभौमत्व राजाच्या एकट्याच्या मालकीचं नसून संस्थानातल्या सगळ्या मुसलमानांचं आहे, निजाम हा त्या सामूहिक मालकीचं दृश्य रूप आहे, असं हा सिद्धांत सांगायचा.

या सिद्धांतावर मी जरा थांबतो, कारण सगळी गुंतागुंत यातच आहे. हे धर्मशास्त्र नाही. एखाद्या संस्थानातले मुसलमान हे सगळे मिळून राजे आहेत, असं कोणत्याही धर्मग्रंथात नाही. ही विसाव्या शतकातली राज्यशास्त्रीय कल्पना आहे. प्रजा सार्वभौम असते हा नवा विचार जगभर पसरत होता. त्यातून 'प्रजा' हा शब्द काढून तिथे एक जमात बसवली. खरं तर निजामालाही ही कल्पना पचायला जड होती, कारण तिच्यात तो मालक उरत नव्हता, प्रतिनिधी होत होता.

पण एका टांगेवाल्याच्या, भिंती रंगवणाऱ्याच्या, दारावर पहारा करणाऱ्या चाऊसाच्या, म्हणजे अरब शिपायाच्या, कानाला हे कसं लागलं असेल, याचा विचार करा. संस्थानातले बहुसंख्य मुसलमान जहागीरदार नव्हते. ते गरीब होते. त्यांच्यातल्या काहींना चपराशाची, पोलीस शिपायाची, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या जवानाची नोकरी होती. राज्य आपलं आहे याचा त्यांना मिळणारा लाभ तेवढाच. त्या माणसाला कुणीतरी सांगितलं की तू राजा आहेस. उद्या लोकशाही आली की तुझं राज्य जाईल, आणि त्याबरोबर नाक्यावरची नोकरीही. १९४७ च्या शेवटी मध्य प्रांतातून, वऱ्हाडातून, मुंबई इलाख्यातून घाबरून आलेली मुसलमान कुटुंबं त्याच्याच गल्लीत येऊन उतरली आणि त्यांनी उत्तरेकडे काय चाललंय ते सांगितलं. त्याला गणवेश मिळाला, हातात बंदूक किंवा भाला मिळाला, लुटीत वाटा मिळाला. धर्माने त्याला या सगळ्याला एक नाव दिलं आणि मनातली टोचणी बोथट केली. धर्माचं हे काम मोठं होतं. माणूस शेजाऱ्याच्या घरात लुटायला शिरतो तेव्हा त्याला आपण लुटारू आहोत हे विसरायला काहीतरी लागतं.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. १९४६ मध्ये संघटनेची सूत्रं लातूरच्या एका वकिलाकडे आली. कासिम रझवी. पुढच्या दोन वर्षांत त्याने मंत्रिमंडळं पाडली, बनवली. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारत सरकारशी करार होणार अशी बातमी येताच रझाकारांच्या जमावाने वाटाघाटी करणाऱ्यांची घरं वेढली आणि संस्थानाचे पंतप्रधान छतारीचे नवाब यांना पायउतार व्हावं लागलं. ज्यांना घेरलं त्यात मुसलमान होते. नंतर मीर लायक अली पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात पिंगळी व्यंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते आणि दलित नेते बी. एस. व्यंकटराव मंत्री होते. कराचीहून विमानाने शस्त्रं आणून देणारा सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन.

तेलंगणाकडे नजर टाकली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी ४० हजार एकरांचा धनी. निजामाच्या राज्यात निर्धास्त राहिलेला हिंदू. त्याच्याविरुद्ध जमिनीसाठी कोर्टात झगडणारा शेख बंदगी हा साधा मुसलमान शेतकरी होता आणि त्याचा खून झाला. ४ जुलै १९४६ ला याच देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्याला गोळी घातली, तिथून तेलंगणाचा उठाव पेटला. रझाकार पुढे या देशमुखांच्या गढ्यांचे रखवालदार झाले. २७ ऑगस्ट १९४८ ला बैरनपल्लीत बुरुजावरून झुंजणाऱ्या गावकऱ्यांना मारलं, तेव्हा त्या गावाचा गुन्हा होता सरकारला आणि देशमुखाला न जुमानणं. आणि या उठावाचा एक मोठा आवाज कोणाचा? उर्दू कवी आणि कम्युनिस्ट नेता मखदूम मोहिउद्दीनचा.

आपल्या मराठवाड्यात गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी मी पुष्कळ बोललो आहे. एक गोष्ट प्रत्येक वेळी ध्यानात आली. व्यासपीठावर बोलताना माणसं सांगायची, 'ते मुसलमान म्हणून आले.' ओसरीवर बसवून, चहा झाल्यावर, 'तुमच्याच गावावर का आले, आणि त्याच आठवड्यात का आले?' असं विचारलं की उत्तर बदलायचं. आदल्या आठवड्यात पोरांनी शिंदीची झाडं तोडली होती. करोडगिरीचा नाका जाळला होता. लेव्हीचं धान्य द्यायला पाटलाने नकार दिला होता. सरहद्दीपलीकडच्या उमरखेडच्या किंवा बार्शीच्या कॅम्पातून स्टेट काँग्रेसची माणसं आली होती आणि गावाने त्यांना भाकरी घातली होती. पोलीस अमिनाला ती खबर कुणी दिली, त्याचंही नाव यायचं, आणि ते नाव नेहमी मुसलमानाचं नसायचं. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरेंना मारलं, ते स्टेट काँग्रेसचं काम उभं करत होते म्हणून. नाहीतर त्याच रस्त्याने रोज शेकडो हिंदू जात-येत होते.

धर्माने 'कोण' हे पुष्कळदा ठरवलं. 'का', 'केव्हा' आणि 'कुठे' यांची उत्तरं धर्मात सापडत नाहीत. ती गादीत, जमिनीत, सरहद्दीवरच्या कॅम्पात आणि दिल्लीशी चाललेल्या वाटाघाटींत सापडतात.

आणि 'कोण' हेही नेहमी धर्माने ठरवलं नाही. शोएबुल्ला खान २७-२८ वर्षांचा तरुण, 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचा. संस्थानाने भारतात सामील व्हावं, रझाकारांना आवर घालावा, असं तो उघड लिहायचा. संस्थानातल्या सात प्रतिष्ठित मुसलमानांनी याच अर्थाचं निवेदन काढलं, ते त्याने छापलं. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबाद शहरात रझाकारांनी त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. त्याचा धर्म त्याला वाचवायला आला नाही. दुसऱ्या बाजूला या लढ्याचं नेतृत्व भगव्या वस्त्रातल्या एका संन्याशाकडे होतं. स्वामी रामानंद तीर्थ. लढा राजवटीशी आहे, मुसलमानांशी नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या संन्यासातून स्टेट काँग्रेसचं राजकारण समजत नाही, तसंच उस्मान अलीच्या नमाजातून निजामाचं राजकारण समजत नाही.

मित्रहो, इथवर मी जे बोललो त्यावर कुणी म्हणेल की कारण हे असो की ते, मेलेला माणूस मेला. इतका काथ्याकूट कशाला? त्याचं उत्तर १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या दिवसांत आहे. त्याबद्दल आपण मराठवाड्यात फार कमी बोलतो. मुक्तिदिनाला ध्वजारोहण करतो, हुतात्म्यांना वंदन करतो, आणि ते केलंच पाहिजे. पण लगेच पुढच्या पानावर आपण थांबतो.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. आजीची 'ॲक्शन' ती हीच. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस जनरल चौधरींसमोर शरण आला. लढाई संपली. मग मुसलमानांवर जे सुरू झालं त्याची चौकशी करायला सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. काझी अब्दुल गफार तिचे सदस्य होते. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ही मंडळी गावोगाव फिरली. अत्यंत सावध अंदाज म्हणून त्यांनी आकडा दिला २७ हजार ते ४० हजार मृत. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातूर हे कासिम रझवीचं गाव. तिथे वीसहून अधिक दिवस कत्तल चालली, असं अहवाल सांगतो. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती, समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरली होती. हजाराहून जास्त मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. हा अहवाल कितीतरी दशकं बंद राहिला.

ही माणसं कशामुळे मेली? 'रझाकारीचं कारण मुसलमान असणं' या एका वाक्यामुळे. ते वाक्य खरं मानलं की रझाकार शोधायची गरज उरत नाही, दाराबाहेरचं नाव वाचलं की पुरतं. आणि बाजारपेठेतली दुकानं, शेतं, गुरं यांच्यावर डोळा ठेवून बसलेल्यांना ते वाक्य फार उपयोगी पडलं. रझाकाराला 'अनल मालिक' ज्या कामी आलं, त्याच कामी हे आलं. लूट होती आणि तिला धर्माचं नाव होतं. आता आपण रझाकाराच्या कृतीचं स्पष्टीकरण इस्लाममधून देणार असू, तर उस्मानाबादच्या त्या दिवसांचं स्पष्टीकरण आपल्या धर्मातून द्यायला तयार आहोत का? मी तयार नाही. माझ्या आजीचा वारकरी धर्म मी पाहिला आहे. म्हणूनच पहिल्या स्पष्टीकरणालाही मी तयार नाही.

आणि ज्याच्या गादीसाठी हे सगळं घडलं, त्याचं काय झालं? मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० ला भारतीय प्रजासत्ताकाच्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. कासिम रझवीवर खटला चालला, त्याने सुमारे नऊ वर्षं तुरुंगात काढली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. विसनूरसारख्या गढ्यांतले देशमुख फौजेमागोमाग आपल्या गढ्यांत परत आले. राजा, वकील, जमीनदार, तिघेही जिवंत राहिले. सत्तेचा निवाडा करताना दिल्लीने त्यांच्याशी राजकारण म्हणूनच व्यवहार केला. धर्म म्हणून व्यवहार झाला तो फक्त लातूरच्या आणि उस्मानाबादच्या गल्ल्यांतल्या माणसांशी.

सुंदरलाल समितीच्या अहवालातली एक नोंद मला विसरता येत नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं, आणि विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना सांभाळलं, असं ती म्हणते. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले, आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली.

ही नोंद वाचली तेव्हा मला आजीच्या गल्लीतली एक पडवी आठवली. गल्लीत हिंदू साळ्यांची घरं होती आणि मुसलमान मोमिनांची होती. ॲक्शननंतर एक मोमीन कुटुंब रातोरात सोलापूरला गेलं. त्यांचा हातमाग शेजारच्या साळ्याने उचलून आपल्या पडवीत आणून ठेवला. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि त्या मागाला हात लावला की साळ्याची म्हातारी ओरडायची. तो माग त्यांनी विकला नाही, स्वतः त्यावर कापडही विणलं नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी पडवी सारवताना तो बाहेर अंगणात काढायचे, धूळ झटकायचे, लाकडाला तेल लावायचे आणि पुन्हा आत नेऊन ठेवायचे.